ठसा बुजू नये इतका पातळ रंग

माझी बायको शेवटचं वर्षभर एअरब्रश निवडत होती, आणि तिचा निर्णय झाला नाही. ती गेल्यानंतर हे मला तिच्या वहीतून कळलं. तोवर मला एअरब्रश म्हणजे नेमकं काय हेही सांगता आलं नसतं. प्लॅस्टिकची छोटी जहाजं, विमानं, गाड्या करणारी माणसं रंग फवारायला जे पेनाएवढं यंत्र वापरतात, ते. वर बोंडल्याएवढी वाटी असते, तिच्यात रंग घालायचा. शेपटीकडून नळीने हवा येते. बोटाखाली एक कळ असते, ती दाबली की हवा सुटते आणि मागे ओढली की हवेबरोबर रंग. एवढंच. पण एवढ्यात किती प्रकार! वहीची सात पानं तिने त्यावर खर्च केली होती आणि शेवटी तीन नमुन्यांभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवले होते.

आम्ही जपानात, फुनाबोरीला राहतो. मी एका व्यापारी कंपनीत, ती एका संशोधन संस्थेत मातीतल्या बुरशीवर काम करायची. मॉडेलं करायला तिने भूकंपाच्या वर्षी सुरुवात केली. संस्थेची प्रयोगशाळा काही आठवडे बंद होती, गाड्या कमी होत्या, आणि तिच्या विभागातल्या एका बाईंनी घरात वेळ जावा म्हणून तिला एका ट्रामचा संच दिला. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या माणसाला घरी येऊन आणखी बारीक काम करावंसं का वाटावं, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बुरशी माझं ऐकत नाही."

आधीची सगळी मॉडेलं तिने साध्या ब्रशने रंगवली. ब्रशच्या केसांच्या रेघा उमटतात म्हणून ती चिडायची. शेवटचं मॉडेल होतं मासेमारीच्या बोटीचं, दीड वीत लांब. तो संच आता निघत नाही. तिने तो जुन्या सामानाच्या दुकानातून मिळवला होता. बोट पूर्ण चिकटवून झाली होती. रंग मात्र नव्हता, नुसतं राखाडी प्लॅस्टिक. पुस्तकांच्या कपाटावर ती उभी होती. खाली भूकंपात वस्तू घसरू नयेत म्हणून लावतात त्या पारदर्शक चिकट चकत्या. आमच्या देवांच्या खालीही त्याच आहेत.

रंगही तिने तयार करून ठेवले होते. तीन बाटल्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी. एकीवर "तळाचा लाल", दुसरीवर "पांढरा", तिसरीवर "हर्णै हिरवा". संचाच्या कागदावर बोटीचा पट्टा निळा दाखवला होता. पण तिचं आजोळ हर्णैचं. तिथल्या बोटींवर जो हिरवा असतो तसा तिला हवा होता, आणि तसा तयार मिळत नव्हता. तो जमवायला तिला सहा प्रयत्न लागले. प्रमाणं वहीत होती, पहिल्या पाचांवर काट मारलेली.

ती गेल्यानंतरच्या पावसाळ्यात एका रविवारी मी कपाट पुसत होतो. बोट खाली घेतली आणि दिव्याजवळ धरली तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या टोकाजवळ, काहीतरी खडबडीत चमकलं. भिंगातून पाहिलं. अंगठ्याचा ठसा होता. ही मॉडेलं ज्या द्रवाने चिकटवतात तो प्लॅस्टिक विरघळवतो. सांध्याबाहेर तो पसरला आणि तेवढ्यात तिथे बोट दाबलं गेलं, तर वाळल्यावर ते बोट तिथेच राहतं. मधे भोवऱ्यासारखी गोल फिरलेली रेघ, आणि एका कोपऱ्यात तिरकी कापल्यासारखी जागा. तो व्रण मी ओळखला. तिला विळीवर कापलं होतं.

वही उघडली, कारण मला कुतूहल होतं की तिला हे दिसलं होतं का. दिसलं होतं. "बोट : उरलेलं काम" अशी यादी होती. त्यात तिसरं काम असं : "डावीकडे पुढे अंगठ्याचा ठसा. ८०० ने घासणे." आठशे म्हणजे बारीक पॉलिश पेपरचा नंबर. त्यापुढे झाल्याची खूण नव्हती.

मी वही मिटली आणि माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवली. मुलीला सांगितलं नाही. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. बोट पूर्ण करायची हे तिनेच ठरवलं होतं. "आईचं काहीतरी अर्धं आहे, हे मला दिसत राहतं," असं ती म्हणाली होती. म्हणजे आता बोट रंगवायची होती, आईच्या हिरव्यानेच रंगवायची होती, आणि तो ठसा रंगाखाली बुजता कामा नये, असं मला वाटत होतं. हे शेवटचं फक्त मला वाटत होतं. तिच्या आईचं मत यादीत लिहिलेलं होतं.

प्रश्न एकदा असा मांडल्यावर मला बरं वाटलं. त्याला निदान उत्तर असण्याची शक्यता होती. कोणता एअरब्रश इतका पातळ थर देतो, की बोटाच्या रेघा वरून दिसत राहतील?

मी वाचायला लागलो. ऑफिसात आम्ही कुठलीही खरेदी तीन कोटेशनं आणि एक तुलनेचा तक्ता केल्याशिवाय करत नाही. तो तक्ता मी घरीही केला. रकान्यांत नॉझलच्या भोकाचा व्यास, वाटीचं माप, कळीचा प्रकार, हवेचा दाब, कॉम्प्रेसरचा आवाज. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती.

"बाबा, तू एअरब्रश घेतोयस की कारखाना?"

"नीट बघून घ्यावं."

"आईने वर्षभर नीट बघितलं," ती म्हणाली. पुढचं जपानीत पुटपुटली, म्हणजे मला ऐकू यावं पण उत्तर देता येऊ नये अशा आवाजात. अर्थ असा होता की हे संसर्गजन्य दिसतंय.

तक्त्यावरून माझं उत्तर ठरलं. नॉझल शून्य दशांश दोन, तीन आणि पाच मिलिमीटरचे मिळतात. दोन सगळ्यांत बारीक. बारीक भोक, बारीक तुषार, पातळ थर. याहून सरळ काय असणार?

ओजिमाच्या बाजूला, एका छपराच्या बाजारगल्लीत, मॉडेलांचं जुनं दुकान आहे. मालकीण बाई सत्तरीच्या. कपाळावर भिंगाची पट्टी चढवून गल्ल्यामागे बसतात. दुकानाच्या मागच्या भागात दोन टेबलं आहेत, वर धूर ओढणारे पंखे. तासावर भाडं देऊन तिथे रंगवता येतं आणि दुकानातले एअरब्रश वापरून बघता येतात. मी तक्ता पुढे ठेवला आणि दोनचा नॉझल मागितला.

त्यांनी तक्ता वाचला. सावकाश, शेवटपर्यंत, शिष्टाचार म्हणून. मग म्हणाल्या, "पूर्वी कशाने रंगवलंय?"

"कशानेच नाही."

"घराची भिंत?"

"नाही."

"नखं?"

मुलगी फिदीफिदी हसली. मी त्यांना ठशाचं सांगितलं. सांगताना माझी जपानी ऑफिसची झाली. मी "पृष्ठभागावरील ठसा" असलं काहीतरी बोललो. बाई उठल्या, खण उघडला आणि आठशे नंबरच्या पॉलिश पेपरचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"पाण्यात बुडवून घासा. दहा मिनिटांत जाईल. सगळ्यांचाच राहतो."

"घालवायचा नाही. ठेवायचा आहे."

बाईंनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं, जणू मलाच नीट बघावं. ठसा कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाकीट परत खणात टाकलं.

"तशी बोट एकच आहे ना? मग बोटीवर शिकू नका. चमच्यांवर शिका. चमच्यांवर ठसे करून आणा."

रंगाची चाचणी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर घ्यायची, ही या लोकांची जुनी रीत आहे. चमच्याला बोटीसारखाच फुगवटा असतो. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, दह्याबरोबर मिळणारे चमचे आमच्या स्वयंपाकघरातल्या खणात साठलेलेच होते. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, खिडकी उघडी टाकून, चमच्यांवर ठसे करत बसलो. द्रवाचा एक थेंब, दहा आकडे मोजायचे, अंगठा दाबायचा, उचलायचा. पहिल्या चमच्यावर नुसता चिखल झाला. पाच आकडे मोजले तर ठसा उमटला पण अंगठा चमच्यासकट वर आला. मुलीने सात आकडे मोजून बरोबर साधलं.

"म्हणजे आईने मुद्दाम नाही केला," ती म्हणाली. "मुद्दाम इतका चांगला येतच नाही."

मी दुकानात बोललो त्याच्याही आधीपासून तिला ठसा माहीत होता, हे मला त्या क्षणी कळलं. "तू पाहिला होतास?"

"शित्तेरू," ती म्हणाली. म्हणजे माहीत आहे. "शाळेतून आले की मी तिथे माझा अंगठा ठेवते. माझा थोडा लहान आहे."

चौदा चमचे घेऊन आम्ही दुकानात गेलो. बाईंनी त्यांना खालून काठ्या लावल्या आणि थर्मोकोलच्या ठोकळ्यात रोवल्या. आधी मला कळ शिकवली. पेनासारखा धरायचा, वरून तर्जनीने दाबायचं आणि दाबलेलंच मागे ओढायचं, दोन्ही एका बोटाने. माझं बोट दोन्ही एकदम करेना; दाबलं की ओढायचं राहायचं, ओढलं की रंगाचा थेंब फुटायचा. मग त्यांनी दुसऱ्या जातीचा दिला. याला खालून बंदुकीसारखा खटका. अख्ख्या मुठीत बसतो, खटका थोडा ओढला की हवा, आणखी ओढला की रंग. वहीतले तिन्ही गोल पहिल्या जातीचे होते. तिची बोटं बारीक होती आणि तिला कामाची सवय होती. मला हा खटक्याचाच जमला.

रंग किती पातळ करायचा हे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "दुधाइतका." मी तेवढा केला. त्यांनी वाटीत डोकावून मान हलवली. "हे कुठल्या गाईचं? आणखी पातळ." शेवटी जो साधला तो आमच्याकडच्या पाणी घातलेल्या ताकाइतका होता. वाटीच्या कडेवरून ओघळला की मागे रंगाची पुसट झिलई राहावी आणि लगेच तळ दिसावा.

आता माझा दोनचा नॉझल. मी चमच्यावर हात मारला, आणि वाळल्यावर चमचा खरखरीत लागला, बारीक वाळू चिकटल्यासारखा. रेघांमधे दाणे बसले होते. पुन्हा मारला, नॉझल चोंदला. बाईंनी नॉझलमधली सुई काढून पुसली, परत बसवली, माझ्याकडे दिली. तिसऱ्यांदाही वाळू.

"थेंब इतके बारीक आहेत की वाटेतच वाळतात," त्या म्हणाल्या. "पोचतात ते धूळ होऊन. दोन हा रेघ ओढायला. मांजराच्या मिश्या वगैरे."

पाचने चमचा भिजून गेला आणि ठसा चिखलात बुडाल्यासारखा नाहीसा झाला. तीनने ठीक आलं. पण तेही लगेच नाही. जवळून मारलं तर साचायचा, लांबून मारलं तर पुन्हा वाळू. एक वीत अंतर, हात चमच्याच्या आधी सुरू करायचा आणि चमच्याच्या पुढे जाऊन थांबवायचा, आणि एका हातात सगळं झाकायचं नाही. पाच वेळा अर्धवट झाकायचं. दहाव्या चमच्यावर माझ्या अंगठ्याच्या रेघा हिरव्या रंगातून स्पष्ट दिसल्या. तक्त्यात अंतराचा रकाना नव्हता. हाताच्या वेगाचाही नव्हता. मला विलक्षण आनंद झाला. इतक्या महिन्यांत एखादी गोष्ट मला पहिल्यांदाच समजली होती.

बाईंनी तो चमचा घेतला, दिव्याखाली धरला, "छान," म्हणाल्या, आणि नखाने कडेला खरवडला. हिरवा सालीसारखा निघून आला.

"प्रायमर नाही मारलात."

प्रायमर म्हणजे खालचा पहिला हात, ज्यावर रंग धरतो. बायकोचे रंग पाण्याचे होते, घरात वास नको म्हणून. पाण्याचा रंग नुसत्या प्लॅस्टिकला धरत नाही. उरलेल्या चमच्यांवर आम्ही आधी प्रायमर मारून पाहिला, मिळेल तितका पातळ. रंग पक्का बसला. ठसा मात्र गेला. नुसता एक लांबट खळगा राहिला, कोणाचाही असेल असा.

"मग उग्र वासाचा रंग वापरा," बाई म्हणाल्या. "तो प्लॅस्टिकला चावतो, प्रायमर लागत नाही."

"हा हिरवा बदलता येणार नाही. तिने जमवलेला आहे."

"मग ठसा घासून टाका."

"तोही नाही."

"मग तुम्हाला बोट रंगवायचीच नाहीये," त्या म्हणाल्या. रागाने नाही. बिल करता करता म्हणाल्या. मी तीनचा, खटक्याचा एअरब्रश आणि एक लहान, कमी आवाजाचा कॉम्प्रेसर घेतला.

खोकं आठवडाभर तसंच पडून होतं. मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि समोर ती वही होती. हिरव्याचं प्रमाण बघायला तिने बॅगेतून काढली होती. उद्या सगळं तयार ठेवून मला चकित करायचा तिचा बेत होता.

"बाबा, तुला माहीत होतं."

"हो."

"आई ते घासणार होती."

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस. मी रोज तिथे..." पुढचं ती जपानीत बोलली आणि या वेळी मला सगळं कळलं. आईच्या चुकीवर मी रोज अंगठा ठेवत होते, असं.

मी कोट न काढता तिच्यासमोर बसलो. मग मी तिला यादी पुन्हा वाचायला सांगितली, सगळी. ठशाचं काम तिसरं होतं. त्याखाली चौथं, पाचवं, सहावं, सातवं. कठडा सरळ करणे, मागचा पंखा, दोर, दिवे. चारही कामांपुढे झाल्याची खूण होती.

"म्हणजे तिसरं सोडून पुढे गेली," मुलगी म्हणाली. "विसरली असेल."

"आई?"

ती हसली, मीही. तिच्या आईने आयुष्यात काही विसरल्याचं आम्हा दोघांना आठवत नव्हतं.

"दमली असेल. बाकीची कामं बसून होतात, घासायला जोर लागतो."

"असेल." हेच खरं असावं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. किंवा सगळं घासकाम ती शेवटी एकदम करणार असेल. किंवा आणखी काही. मी महिनाभर नॉझलचं कारण शोधलं आणि ते सापडलं. याचं सापडणार नव्हतं. ते विचारायला ज्या व्यक्तीकडे जायचं ती नव्हती.

मुलीने वही मिटली. "आईला नको असेल," ती म्हणाली. "मला हवाय."

इतकं सरळ मी बोलू शकलो नव्हतो. मी तिच्या आईसाठी ठसा राखतोय अशी स्वतःची समजूत घालत होतो.

त्यानंतरचं सगळं दोन रविवारांत झालं. ठशावर चिकटपट्टीचा बदामाच्या आकाराचा तुकडा लावायचा ही कल्पना मुलीची. तो लावून बाकी सगळ्या बोटीवर प्रायमर मारला. मग तळाचा लाल, पांढरा, आणि शेवटी तुकडा काढून, ठसा होता त्या पट्ट्यावर हिरवा. ठशावर नुसते दोन हात, ताकाहून पातळ. तो तिथे पक्का बसणार नाही हे आम्हाला माहीत होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात बोट ठेवून खिडकीकडे तोंड करून मी खटका ओढला. बोटीच्या आधी सुरू करून बोटीच्या पुढे थांबायचं, हे माझा हात विसरला नाही. मुलगी बोट फिरवत होती आणि "लांब, बाबा. लांब," असं म्हणत होती.

वाळल्यावर ठसा होता. तिरका प्रकाश पडला तरच दिसणारा, पण व्रणासकट होता. फोटो काढून मी दुकानातल्या बाईंना दाखवला. त्यांनी भिंगातून फोनकडे बघितलं आणि विचारलं, "हात लावला तर?"

"निघेल."

"मग लावू नका."

हा नियम मी घरी येऊन सांगितला. मुलीने मान डोलावली. तो तिने पाळला नाही, हे मला वसंतात कळलं. ठशाच्या जागी हिरवा विटल्यासारखा दिसत होता. मला राग आला. तिचा नाही, पण आला. संध्याकाळी मी कॉम्प्रेसर काढला, हिरवा पातळ केला, वाटीत भरला. एक हात मारून घ्यावा. दरवर्षी एक. मग लक्षात आलं की प्रत्येक हाताबरोबर ठसा थोडा थोडा भरत जाईल. किती वर्षं पुरेल याचा अंदाज घ्यायला मी भिंग घेतलं.

तिच्या अंगठ्याने सगळीकडचा रंग गेला नव्हता. प्लॅस्टिकचे उंचवटे तेवढे घासून राखाडी झाले होते. हिरवा खाली राहिला होता, जिथे त्वचेच्या रेघांनी प्लॅस्टिक आत दाबलं होतं तिथे. आता तिरका प्रकाश लागत नव्हता. राखाडीवर हिरव्या बारीक रेघांचा, शाई लावून उठवल्यासारखा, अख्खा अंगठा दिसत होता. मधल्या भोवऱ्याची रेघ कुठे दुभंगते हे मला पहिल्यांदा दिसलं.

मुलगी दारात येऊन उभी राहिली. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून तिला कळलं होतं. दोन्ही हात तिने पाठीमागे घेतले होते.

"परत मारणार आहेस?"

मी भिंग तिच्याकडे दिलं आणि खुर्ची सोडली. ती बसली आणि ठशावर वाकली. मी वाटीतला रंग वर्तमानपत्राच्या बोळ्यात ओतला. सुई काढून पुसायला घेतली.